चिंचोके मोजणाऱ्या मॅडम

मुलाखतीला गेले तेव्हा मॅडमनी माझं सर्टिफिकेट उघडूनसुद्धा बघितलं नाही. मायक्रोस्कोपखाली रक्ताची एक काच लावून ठेवली होती. "शंभर पांढऱ्या पेशी मोज. कुठल्या जातीच्या किती ते सांग," म्हणाल्या. मी डोळा लावला आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. आदल्या दिवशी आणलेली वांगी कशी किडकी निघाली, भाजीवालीशी काय बाचाबाची झाली, सगळं मोठ्या आवाजात, माझ्या कानाशी. मी मोजत राहिले. साठ-बासष्टच्या आसपास भाजीवाली त्यांना म्हणाली, "तुम्हीच तं निवडून घेतली ना?" तिथे मला हसू फुटलं आणि आकडा गेला.

"किती झाल्या?"

"चुकले. परत पहिल्यापासून मोजते."

"अंदाजे सांग की. कोण बघायला आलंय?"

"नाही सांगता येणार."

"उद्या साडेआठला ये," त्या म्हणाल्या आणि उरलेली वांग्याची गोष्ट न सांगताच उठून गेल्या. ती शेवटी कशी संपली ते मला आजतागायत कळलेलं नाही.

नव्वदचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. मी सातपूरला राहायचे. वडील एका कारखान्यात पाळीवर जायचे आणि लॅबचा कोर्स केलेली मुलगी घरात बसून आहे, याची काळजी आई शेजारपाजारच्यांना वाटून टाकायची. मॅडमचं प्रसूतिगृह गंगापूर रोडला होतं. एका छोट्या ट्रस्टचं, वीस खाटांचं. मॅडम तिथल्या मुख्य डॉक्टर. वय पन्नाशीच्या पुढे. सुती साडी घोट्याच्या बरीच वर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "राहून गेलं. माझं काश्मीर बघायचंही राहिलंय, पण त्याबद्दल कोणी विचारत नाही."

त्या लुनावर फिरायच्या. पुढच्या बाजूला कापडी पिशवी लटकवलेली, आणि पिशवीत ब्लडप्रेशरचं पाऱ्याचं यंत्र. किराणा आणायला गेल्या तरी ते बरोबर. दुकानात एखादी गरोदर बाई उभी दिसली की डाळ-तांदूळ बाजूला. "अंगठी काढून दाखव बघू." ओळख नाही, पाळख नाही. ती बिचारी गोंधळून अंगठी ओढायची. सहज निघाली तर मॅडम "छान" म्हणून आपल्या साबणाकडे वळायच्या. अडकली तर तिथेच, पोत्यावर बसवून, दंडाला पट्टा बांधायच्या. हातावर सूज आणि वाढलेलं प्रेशर बऱ्याचदा बरोबरीनं येतात, म्हणून ही अंगठीची परीक्षा. दवाखान्यात तर ती प्रत्येकीला द्यावीच लागे. ज्यांच्या बोटात अंगठी नसे, त्यांच्यासाठी मॅडमनी टेबलाच्या खणात पितळेच्या चार-पाच ठेवल्या होत्या; पहिल्या वेळी जी बसेल तीच पुढे दर वेळी घालून बघायची.

एकदा आमच्याच एका सिस्टरने सुजलेल्या पायांच्या बाईला सांगितलं, "होतंच असं दिवसांत." मॅडम आतून बाहेर आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "हे वाक्य इथे बोलायचं नाही. तपासून झाल्यावर बोललीस तर चालेल. आधी नाही." त्या सिस्टरने नंतर कितीतरी वर्षं 'होतंच असं' हे शब्द कुठल्याच बाबतीत वापरले नाहीत. पावसाने बस उशिरा आली तरीसुद्धा.

त्यांच्या शेजारच्या सोसायटीतल्या एका डोहाळजेवणाची गोष्ट तर सगळ्या गंगापूर रोडला माहीत होती. मुलगी फुलांच्या दागिन्यांनी मढून झोपाळ्यावर बसलेली, बायका गाणी म्हणतायत. मॅडम ओटी भरायला पुढे गेल्या, तिचा हात हातात घेतला आणि तसाच धरून राहिल्या. मग पिशवी मागवली. एकशेसत्तरवर एकशेदहा. "गाणी थांबवा. हिला घेऊन मी चाललेय."

"अहो, निदान जेवू तरी द्या! एवढं पंचपक्वान्न केलंय," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही सगळ्या जेवा. ती येईल परत."

मुलगी फुलांसकट वॉर्डात आली. तिचा गजरा सुकून पडेपर्यंत मॅडम खाटेजवळच्या स्टुलावर बसून होत्या. महिन्याभराने ती बाळ घेऊन घरी गेली. सासूबाईंनी मॅडमशी बोलणं टाकलं ते टाकलंच, पण दर संक्रांतीला तिळगुळाचा डबा मात्र न चुकता पाठवायच्या. मॅडम तो पूर्ण संपवायच्या आणि म्हणायच्या, "राग आहे पण गूळ चांगला वापरतात."

हे सगळं झालं तरी मॅडमचं खरं वेड वेगळंच होतं. ते मायक्रोस्कोपच्या खोलीत राहायचं.

गरोदरपणात प्रेशर का वाढतं, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतला होता. त्यांचं म्हणणं असं, की बाळ निम्मं आईचं असतं आणि निम्मं बापाचं. म्हणजे आईच्या अंगाच्या दृष्टीने निम्मं परकं. अंगात परकं काही शिरलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी शिपायांसारख्या धावून जातात. मग नऊ महिने त्या बाळावर का धावत नाहीत? काहीतरी तडजोड होत असणार. आणि जिथे ती तडजोड नीट होत नाही तिथे बाळाला पोसणारी वार बरोबर रुजत नाही, रक्तवाहिन्या आखडतात, प्रेशर चढतं. हे काही त्यांच्या एकटीच्या डोक्यातलं नव्हतं, बाहेरच्या देशात त्यावर पुष्कळ लिहिलं जात होतं. मॅडमना ते आपल्या बायकांच्या रक्तात बघायचं होतं.

त्यासाठी त्यांनी गुरुवारची मोफत ओपीडी सुरू केली होती. नाव नोंदवलेल्या बाईने दर पंधरा दिवसांनी यायचं, बोटातून रक्ताचा थेंब द्यायचा आणि शेंगदाण्याचा लाडू खाऊन जायचं. सातपूरच्या कामगारांच्या घरच्या यायच्या, गिरणाऱ्याच्या बाजूला द्राक्षबागांत कामाला उतरलेल्या पेठ-सुरगाण्याच्या बायका यायच्या. संध्याकाळी मॅडम आणि मी काचा मोजायला बसायचो. मोजणीचं यंत्र त्यांना आवडत नसे. त्याऐवजी घरचा मिसळणाचा डबा आणून ठेवला होता. सात वाट्यांपैकी पाच वाट्या पाच जातींच्या पेशींसाठी. पेशी दिसली की त्या वाटीत चिंचोका टाकायचा. सहावी वाटी ओळख न पटलेल्यांची. सातवीत लवंगा, त्या मॅडमच्या तोंडात टाकायला. एकदा बोलण्याच्या नादात त्यांनी चिंचोका तोंडात टाकला आणि लवंग पहिल्या वाटीत. "शंभर झाल्या, पण एक तिखट आहे," असं म्हणून ती सगळी काच त्यांनी नव्याने मोजायला लावली.

गुरुवारी त्या वाट बघत बसलेल्या बायकांना हे सगळं समजावून सांगायच्या. शिपाई, पाहुणा, तडजोड. अशाच एका गुरुवारी मागून आवाज आला, "निम्मं परकं म्हनता बाई, माझा नवरा तं अख्खाच परका हाय. त्याला नाय का घरात ठेवला?"

बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मॅडमही डोळे पुसेपर्यंत हसल्या, आणि मग आत येऊन त्यांनी ते वाक्य खोलीतल्या फळ्यावर लिहून ठेवलं.

बोलणारी होती मंजुळा. पेठच्या बाजूची, द्राक्षाच्या छाटणीला नवऱ्याबरोबर आलेली. पहिला नवरा वारला होता, त्याची दोन मुलं. हा दुसरा, आणि त्याच्यापासून हे पहिलंच. तिचं म्हणणं, दोन बाळंतपणं घरी सुखरूप झाली, मला कशाला दर पंधरा दिवसांनी बोलावता. मॅडम म्हणाल्या, "पोरं दोन झाली, पण या बापाचं हे पहिलं आहे. तुझ्या अंगाला हा पाहुणा नवीनच आहे. त्यामुळे तू पहिलटकरीण." मंजुळा लाजली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "लय दिवसांनी झाले मी पहिलटकरीन." आणि यायला लागली.

आठव्या महिन्यात तिचा एक गुरुवार चुकला. मॅडमनी शुक्रवारी बागेवर निरोप पाठवला. उत्तर आलं की डोकं दुखतंय म्हणून ती पाड्यावर सासूकडे गेली. मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. अर्ध्या तासात आम्ही दोघी पेठच्या एसटीत होतो. घाटात गाडी वळणं घेत होती आणि मॅडम पिशवी मांडीवर धरून एक शब्द न बोलता बसल्या होत्या. त्यांना गप्प मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

फाट्यावर उतरून बरंच चालावं लागलं. कुडाच्या भिंतींचं घर, दार लोटलेलं. सासू बाहेर आली. "उजेड खपत नाय तिच्या डोळ्याला," ती म्हणाली. "सकाळधरून डोकं धरून बसलीय. पोरगा गाडी बघाया गेलाय."

मंजुळाचा चेहरा इतका सुजला होता की मी आधी ओळखलंच नाही. "बाई, दोन-दोन दिसताय तुम्ही," ती म्हणाली. प्रेशर एकशेऐंशीच्या वर. एवढ्या प्रेशरमध्ये जीव घेणारे झटके येतात; ते येऊ नयेत म्हणून द्यायची इंजेक्शनं मॅडमनी पिशवीतूनच काढून तिथल्या तिथे दिली. मग जीपची वाट बघायची. आणि त्या वेळात, सवयीने म्हणा किंवा हात रिकामे राहवेनात म्हणून म्हणा, त्या मला म्हणाल्या, "काच घे." मी ओट्यावर बसून तिच्या बोटातून थेंब काढला, काचेवर पसरला, वाऱ्यावर वाळवला आणि कागदात गुंडाळून ठेवला.

नवरा काळीपिवळी जीप घेऊन आला. मॅडम मागच्या बाकावर मंजुळाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि रस्ताभर तिला प्रश्न विचारत राहिल्या. पोरांची नावं काय, नागलीचं पीक यंदा कसं आलं, नवरा भांडतो का. शुद्ध हरपत नाही ना, एवढंच बघायचं होतं. एका खड्ड्यानंतर उत्तर आलं नाही तेव्हा मॅडम ओरडल्या, "मंजुळा! परका नवरा कसा आहे?"

खूप वेळाने आवाज आला, "हाय... बरा हाय."

पुढे बसलेला तो नवरा रडायला लागला.

दवाखान्यात आल्यावर बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून देतात ते इंजेक्शन तिला दिलं, दोन दिवस कसेबसे काढले आणि मग ऑपरेशन. मुलगी झाली. दोन तळहातांवर मावेल एवढी, पण रडली जोरात. मंजुळाचं प्रेशर उतरायला दहा-बारा दिवस लागले. दोघी घरी गेल्या तेव्हा मॅडमनी लाडवांची अख्खी बरणी तिच्या सासूच्या हातात दिली.

त्यानंतर काही महिन्यांनी मॅडमनी चार वर्षांचं काम शहरातल्या डॉक्टरांच्या सभेत मांडायचं ठरवलं. निष्कर्ष ठसठशीत होता. प्रेशर वाढलेल्या बायकांच्या रक्तात पहिल्या वाटीतल्या, म्हणजे सगळ्यात आधी धावून जाणाऱ्या पेशी, इतरांपेक्षा कितीतरी जास्त. शिपाई खवळलेले होते, मॅडम म्हणत होत्या तसेच. त्या इतक्या आनंदात होत्या की लुना सोडून एक दिवस रिक्षाने आल्या.

मोठा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. मी वह्या उघडून आकडे उतरवत होते. मंजुळाच्या पानावर आले. समासात माझंच अक्षर होतं: पाड्यावर घेतलेली काच. त्या काचेतले आकडे अगदी साधे होते, कुठल्याही गरोदर बाईचे असावेत तसे. दुसऱ्या दिवशीची दवाखान्यातली काच मात्र खवळलेली. बाई तीच. आणि प्रेशर तर पाड्यावरच जास्त होतं. मध्ये घडलं होतं काय, तर फक्त ते बाळाच्या फुप्फुसांचं इंजेक्शन. त्या औषधाने पांढऱ्या पेशी वाढतात हे मला कोर्समध्ये शिकवलेलं होतं.

मी बाकीची पानं काढली. प्रेशर वाढलेल्या जवळजवळ सगळ्यांच्या वाढलेल्या काचा भरती केल्यानंतरच्या होत्या. इंजेक्शननंतरच्या, नाहीतर कळा सुरू झाल्यानंतरच्या. कळांनीही त्या पेशी वाढतात. भरतीआधीच्या काचांत काहीच फरक नव्हता. चार वर्षं आम्ही आजार मोजत नव्हतो, आमचं औषध मोजत होतो.

तीन दिवस मी गप्प बसले. जेवण जाईना. आईला वाटलं, मागच्या स्थळाचा नकार मला लागलाय. मी कोण सांगणारी? एक वर्षाचा कोर्स केलेली मुलगी. चौथ्या दिवशी मॅडम डबा खात होत्या, तेव्हा मी वह्या घेऊन समोर उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. "सावकाश."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, वह्या उचलल्या आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत फक्त चिंचोके पडल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावलं. डोळे सुजलेले होते. "तू बरोबर आहेस," त्या म्हणाल्या. "हे चार वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही, याचा मला फार राग आलाय. थोडा तुझाही आलाय. पण तो गुरुवारपर्यंत जाईल."

गुरुवारी त्यांनी मला दोन लाडू दिले. एक राग गेल्याचा, म्हणाल्या.

मला वाटलं आता सभा रद्द होईल. नाही झाली. त्या व्यासपीठावर गेल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "मला काय सापडलं ते सांगायला मी येणार होते. ते सापडलेलं नाही. कुठे चुकले ते सांगते. ही चूक माझ्या टेक्निशियनने शोधली. ती तिथे मागे बसली आहे. ऊठ गं."

मी उठले. पुढच्या रांगेतले एक वयस्कर डॉक्टर म्हणाले, "मग मॅडम, आम्हाला ऐकायला कशाला बसवलंत?"

"तुमच्यापैकी कोणी उद्या हेच मोजायला बसला तर त्याची चार वर्षं वाचतील."

थोडं हसू झालं, खुर्च्या सरकल्या. जेवणाची वेळ झालीच होती. तेवढ्यात पेठच्या बाजूला सरकारी दवाखान्यात असलेला एक तरुण डॉक्टर उभा राहिला. "मॅडम, एक विचारायचं होतं. तुमच्या वहीतल्या बायकांपैकी झटके किती जणींना आले?"

हे मॅडमनी कधी मोजलंच नव्हतं. पहिली वही उघडून त्या पानं उलटायला लागल्या. लोक उठून ताटं घ्यायला गेले. दुसरी वही. तिसरी. माइक चालूच होता, कागदांचा आवाज हॉलभर ऐकू येत होता. तो तरुण डॉक्टर उभाच होता, मीही उभीच होते. शेवटचं पान उलटून मॅडमनी वर बघितलं तेव्हा हॉलमध्ये आम्ही दहा-बारा जणच उरलो होतो.

"एकीलाही नाही," त्या म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. "पण त्याचा पेशींशी काही संबंध नाही. त्या दर पंधरा दिवसांनी यायच्या, म्हणून दर वेळी प्रेशर बघितलं जायचं. तेवढंच."

"तेवढंच आमच्याकडे होत नाही, मॅडम," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी मॅडमनी जाहीर केलं की आता रक्त घेणार नाही, नुसतं प्रेशर बघणार. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण उठून म्हणाली, "रगत नाय घेतलं, तं तपासलं कसं?" दोघी-तिघी चपला घालायला लागल्या. मॅडमनी मला खूण केली. मी सुई घेतली. तेव्हापासून आम्ही त्यांचं हिमोग्लोबिन बघायला लागलो आणि गुरुवार चालू राहिला. त्या तरुण डॉक्टरनेही त्याच्याकडे तसाच वार सुरू केला. लाडवांची पाककृती मात्र त्याने मॅडमना पत्र लिहून मागवली.

पुढे माझं लग्न झालं, मूल झालं. मॅडम निवृत्त झाल्या आणि गंगापूर रोडलाच एका छोट्या फ्लॅटमध्ये राहायला लागल्या. त्यांची नजर गेली, म्हणजे कडेकडेचं दिसायचं, मधलं नाही. रविवारी मी जाऊन त्यांना डॉक्टरी मासिकं वाचून दाखवायचे. दोन हजार सालानंतरची चार-सहा वर्षं उलटून गेली असतील. एका लेखात आलं होतं की लढणाऱ्या पेशींना आवर घालणाऱ्या, समजूत काढणाऱ्या काही वेगळ्या पेशी असतात, आणि गरोदरपणात प्रेशर वाढलेल्या बायकांच्या रक्तात त्याच कमी पडतात असं आता दिसू लागलं आहे.

मॅडम ताठ बसल्या. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. "म्हणजे मॅडम, तुम्ही बरोबर होतात."

"मुळीच नाही. विचार बरोबर होता, मोजलं चुकीचं. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत." मग त्या हसायला लागल्या. "अगं, त्या दुसऱ्या वाटीत असणार! साध्या मायक्रोस्कोपने त्या वेगळ्या ओळखूच येत नाहीत. चार वर्षं आपण त्यांना आपल्या हातांनी वाटीत टाकत होतो."

त्यांना जराही खंत वाटत नव्हती. उलट कोणीतरी ते शोधून काढलं याचाच आनंद दिसत होता. मी चहा ठेवायला उठले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "त्या वेळी मला सांगायला यायच्या आधी तू घाबरली होतीस ना?"

"खूप. तीन दिवस जेवले नव्हते."

"मीसुद्धा घाबरले होते," त्या म्हणाल्या.

"तुम्ही? तुम्हाला तर काही माहीतच नव्हतं."

"काय ते माहीत नव्हतं. पण तीन दिवस तू माझ्याकडे बघत नव्हतीस. तुला काहीतरी सापडलंय एवढं कळलं होतं. विचारलं असतं तर तू सांगितलंही असतंस. पण विचारलं नाही."

"का?"

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली, थोडी तिरकी, कडेच्या नजरेत मी यावं अशी.

"मला बघायचं होतं, तू आपणहून येतेस का. आणि नाही आलीस तर काय, याची फार भीती वाटत होती."